पिवळ्या टेपवरची जागा

१

रोज सकाळी दहाला सरांचा फोन यायचा आणि मी जागा धरायला उभी राहायचे.

जागा धरणं म्हणजे काय ते आधी सांगते. फोटोला जी मॉडेल उभी राहणार असते तिच्यासाठी जमिनीवर रंगीत टेपची फुली मारलेली असते आणि त्या फुलीवर लाइट बसवतात. मॉडेल कपडे बदलायला आत गेली की दुसऱ्या कोणीतरी तिच्या फुलीवर उभं राहायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, "जागा धरली." ती परत आली की "जागा सोडली" म्हणायचं आणि मगच हलायचं. लाइटवाला दिव्याच्या मागे असतो, त्याला समोरचं धड दिसत नाही. तो आवाजावर काम करतो. एकदा एकीनं न सांगता जागा सोडली आणि दिवा तिच्याच खांद्यावर आला. तेव्हापासून सरांचा नियमच झाला, ज्यानं धरली त्यानंच सोडायची, आणि तीही तोंडानं.

आमच्या स्टुडिओत मी इस्त्रीवाली. कपड्यांना इस्त्री करायची, मापाला सैल असले तर पाठीमागून टाचण्या लावायच्या. लाइटवाला म्हणजे माझा नवरा. स्टुडिओच्या मागच्या खोलीतच आम्ही राहतो. लॉकडाऊन लागून सगळं बंद झालं त्याच्या आदल्या दिवशी तो दोन दिवसांसाठी म्हणून त्याच्या आईकडे गेला आणि तिकडेच अडकला. इकडे मी आणि चौदा महिन्यांची आमची भोपळी. नाव कागदावर वेगळं आहे, पण ती जिथे ठेवाल तिथे बसून राहायची म्हणून स्टुडिओत सगळे भोपळीच म्हणायचे.

सर, म्हणजे आमचे फोटोग्राफर, त्यांच्या घरी. पण कॅमेरा स्टँडवर लावून कॉम्प्युटरला जोडून ठेवला होता, आणि सर घरी बसून इथला फोटो काढायचे. मी रिकाम्या स्टुडिओत उभी, समोर कोणी नाही, आणि कॅमेरा आपला आपण खटकन वाजायचा. पहिले दोन दिवस अंगावर काटा यायचा. मग सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते, आणि मला तर तेव्हा झोपच इतकी कमी होती की घाबरायलाही ताकद लागते हे कळलं.

२

उघडल्यावर करायचं काम सरांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. कोटांचा कॅटलॉग. पाच मॉडेल, एकमेकींपासून लांब लांब उभ्या, आणि प्रत्येकीची लांब सावली मागच्या पांढऱ्या कागदावर. "लोक डोळे चोळत उठतील तोवर आपले फोटो छापून झालेले असतील," सर म्हणायचे. त्यासाठी रोज एकेका फुलीवर मला उभं करून सावली कुठपर्यंत जाते ते बघायचे. लाल, निळी, हिरवी, काळी, पिवळी.

पिवळी शिडीची. शिडी म्हणजे आमची सगळ्यात उंच मॉडेल. उंचीवरून चिडवलं तरी चिडायची नाही, उलट फोनवर स्वतःच "शिडी बोलतेय" म्हणायची. आमच्या खोलीचं दार बुटकं आहे. ती आली की चौकटीशी थांबायची, मान वाकवायची आणि मग आत यायची. विसरली की कपाळ आपटायची. "तुमच्या घरी मान खाली घालूनच यावं लागतं बाई," म्हणायची.

बंद व्हायच्या संध्याकाळी पिवळी टेप तिनं स्वतः लावली होती, टाचेनं दाबून दाबून. मला म्हणाली, "हे बघ, अठ्ठावीस पूर्ण झाली मी. दोन महिने दिसले नाही ना, की सर विसरतील आणि कोणीतरी कोवळी पोरगी आणून उभी करतील. माझी जागा धरून ठेव."

"काहीतरीच काय ताई. तुमच्या जागेवर मी उभी राहिले तर कोट जमीन झाडेल."

"झाडू दे. पण धर."

"धरते," मी म्हटलं.

मग तिनं खाली वाकून भोपळीला आपलं बोट दिलं. तिची बोटं पेन्सिलीसारखी लांब. भोपळीनं ते मुठीत पकडलं, पण ढुंगण काही उचललं नाही. शिडी म्हणाली, "हिच्या पायांत काही खोट नाही गं. हिला फक्त उंचावरून कोणीतरी बोलवायला पाहिजे. उघडलं की मी हिला चालवून दाखवते. पैज."

३

आठवड्यातून एकदा सर सगळ्या मॉडेलना एकत्र व्हिडिओवर घ्यायचे. मीही फोन कपाटाला टेकवून बसायचे. कोणी कापडी सोफ्यावर, कोणी पलंगावर. लाल फुलीवालीनं स्वतःचे केस स्वतः कापले होते आणि कपाळावर कोणी झाडू फिरवल्यासारखे दिसत होते. सर म्हणाले, "तुझा कोट टोपीवाला घेऊ."

शिडीची खोली इतकी लहान होती की ती उभी राहिली की डोकं चौकटीबाहेर जायचं. सर ओरडायचे, "खाली बस, नुसती मान दिसतेय." ती म्हणायची, "मानेचे वेगळे पैसे द्या."

पाचव्या आठवड्यात ती आली नाही. सहाव्यालाही नाही. सर म्हणाले, नेट नसेल. मी फोन केला तर वाजून वाजून बंद झाला.

सातव्या आठवड्यात, एका मंगळवारी, सर म्हणाले, "आज पिवळी बघू." मी भोपळीला कपड्यांच्या चाकवाल्या टोपलीत बसवलं, फुलीवर गेले, "जागा धरली" म्हटलं. खटकन फोटो निघाला. लाइट एकदा चमकला की त्याला पुन्हा भरायला चार सेकंद लागतात, आणि भरला की तो 'टीं' करतो. टीं झालं.

सर म्हणाले, "स्टुलावर उभी आहेस का?"

"नाही सर."

"सावली एवढी वर कशी गेली? तुझं डोकं कागदाच्या निम्म्यावर संपायला पाहिजे. हे पार कागदाच्या वरच्या चिमट्यापर्यंत गेलंय."

"दिवा खाली घसरला असेल."

दिवा खाली आला की सावली लांबते, हे नवऱ्यानं शिकवलेलं. मी मापाची पट्टी आणली आणि दिव्याची उंची मोजली. कालच्या खुणेवरच होता. लाल फुलीवर उभी राहिले, सावली माझ्याएवढीच. निळीवर तशीच. पिवळीवर परत आले आणि मागे वळून बघितलं.

मान लांब होती. माझी मान एवढी लांब नाही.

"जाऊ दे," सर म्हणाले, "उलट छान दिसतेय. उद्या बघू." मी "जागा सोडली" म्हटलं आणि भात टाकायला गेले. मनात म्हटलं, कागद गुंडाळीवरून सैल झाला असेल. कागदाला पोट आलं की सावली वेडीवाकडी होते. कागदाला पोट आलं नव्हतं. मी जाऊन हात फिरवून बघितला होता.

४

मला खरी काळजी सावलीची नव्हतीच. काळजी भोपळीच्या पायांची होती.

सोळावा महिना लागला तरी ती उभी राहात नव्हती. धरून उभं केलं की पाय पोटाशी घ्यायची. डॉक्टरीणबाईंनी बंद व्हायच्या आधी सांगितलं होतं, अठरापर्यंत वाट बघू, मग मोठ्या दवाखान्यात दाखवायचं. आता त्यांचाच दवाखाना बंद. मी फोन केला की त्या म्हणायच्या, "घाबरू नका." रोज त्याच आवाजात.

सासूबाईंचा रोज सकाळी व्हिडिओ. पहिला प्रश्न ठरलेला. "बसलीच आहे का अजून?"

"हो."

"आमचा हा नवव्या महिन्यात घरभर फिरत होता."

मागून नवऱ्याचा आवाज. "आई, मी नवव्या महिन्यात टेबलावरून पडलो होतो, ते सांग."

"पडला, पण उभा राहून पडला ना?"

मी हसायचे आणि फोन ठेवल्यावर भोपळीच्या पोटऱ्या तेलानं चोळत बसायचे. मऊ, गार, निवांत पाय. कशालाच घाई नसलेले.

त्या गुरुवारी सर पिवळीचा लाइट बसवत होते. अर्धा तास मी पुतळ्यासारखी उभी. "जरा डावीकडे. थांब. श्वासही घेऊ नकोस. हां, बसला लाइट, आता हलू नको." आणि आतून दूध उतू जायचा वास आला.

"सर, दूध!"

"जागा सोडू नको! आत्ता बसलाय! कोणाला तरी उभं कर."

कोणाला करणार? टोपलीतून भोपळीला उचललं, पिवळ्या फुलीवर बसवलं, दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवल्या आणि सवयीनं, तिच्या वतीनं, मोठ्यानं म्हणाले, "जागा धरली." पळत आत गेले. गॅस बंद करताना ऐकलं, खटकन. मग टीं.

परत आले तेव्हा भोपळी बसलेली होती. जशी ठेवली होती तशीच. मी तिला कडेवर घेतली.

फोनमध्ये सर ओरडत होते, "अगं, उभी राहिली! बघितलंस का? तुझी भोपळी उभी राहिली!"

५

सरांनी फोटो पाठवला.

भोपळी फुलीच्या मधोमध उभी होती. दोन्ही पायांवर, ताठ. तोंड वर आणि हसणं असं की वरचे दोन्ही दात दिसत होते. मी रडले. नवऱ्याला पाठवला, तोही रडला. सासूबाईंनी फोन डोळ्यांपाशी नेऊन बघितला.

"कोणी धरलंय हिला?"

"कोणी नाही. मी आत होते."

"मग हात का वर?"

मी बघितलं नव्हतं. पाय बघण्यातच डोळे गेले होते. भोपळीचा उजवा हात सरळ वर होता. इतका सरळ की त्या बाजूचा खांदा कानाला लागला होता. मूठ मिटलेली, आणि मुठीत एका बोटाएवढी पोकळी.

"मुलं तोल सांभाळायला हात वर करतात," नवरा म्हणाला.

"दोन्ही करतात," सासूबाई म्हणाल्या. मग त्यांनी फोन मुलाच्या हातात दिला. एकही टोमणा न मारता दिला, याचीच मला जास्त भीती वाटली.

फोन ठेवल्यावर मी फोटो बोटांनी मोठा केला. मागच्या कागदावर भोपळीची सावली होती. सावलीचाही हात वर होता. पण तो मुठीपाशी संपत नव्हता. पुढे बारीक, लांब, वर वर जात चौकटीबाहेर गेला होता.

सरांना विचारलं. म्हणाले, दिव्याचा स्टँड असेल. मी जाऊन बघितलं. स्टँड दुसऱ्या बाजूला होता.

६

दुसऱ्या दिवशी मी भोपळीला खोलीत उभं करायचा प्रयत्न केला. पाय पोटाशी. हिरव्या फुलीवर, पाय पोटाशी. पिवळ्या फुलीवर ठेवली आणि हात काढला, तर ती क्षणभर बसली, वर बघितलं, उजवा हात उचलला आणि कोणी ओढून घ्यावं तशी उभी राहिली.

मी समोर होते. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही.

काय करायला हवं होतं ते मला माहीत होतं. जागा भोपळीच्या नावानं धरली होती आणि सोडलीच नव्हती. दुधाच्या गडबडीत ते राहूनच गेलं. दोन शब्दांचं काम. पण ते म्हटले आणि ती पुन्हा बसली तर? अठरा महिने भरायला दोन-अडीच महिनेच उरले होते. मी ते शब्द म्हटलेच नाहीत. रोज दहाला तिला पिवळीवर ठेवायचे. एक मिनिट, दोन मिनिटं, मग पाच. तिच्या पोटऱ्या हळूहळू घट्ट व्हायला लागल्या. तेल लावताना हाताला कळायचं.

एकदा इस्त्री करत होते तेव्हा स्टुडिओतून टीं ऐकू आलं. लाइट बंद होता. मी स्वतः प्लग काढला होता. इस्त्री उभी केली, कान दिला. भोपळी तिकडे हसत होती, गुदगुल्या केल्यावर हसते तशी. मी आत गेले नाही. कोटाच्या बाहीवरून इस्त्री फिरवत राहिले. एकच बाही, चार वेळा.

त्याच आठवड्यात लाल फुलीवालीचा फोन आला. आवाज बसलेला.

"तुला कोणी सांगितलं की नाही? शिडी गेली गं."

"कुठे?"

ती रडायला लागली. मग कळलं.

"नऊ दिवस दवाखान्यात होती. कोणाला भेटू देत नव्हते. घरमालकानं खोली उघडली, सामान बाहेर काढलं. सरांना माहीत होतं, पण ते म्हणाले, सगळ्यांचा धीर सुटेल, उघडल्यावर सांगू."

"कधी गेली?"

"रविवारी. तीन आठवडे झाले."

मी बोटांवर मोजलं. तो रविवार, आणि त्यानंतर दोनच दिवसांनी तो मंगळवार, ज्या दिवशी सरांनी मला विचारलं होतं, स्टुलावर उभी आहेस का.

खूप रडले. ती एकटीनं गेली, म्हणून रडले. मला चिडवणारं, माझ्याशी हसून बोलणारं त्या स्टुडिओत तेच एक माणूस होतं.

आणि दुसऱ्या दिवशी दहाला भोपळीला पुन्हा पिवळ्या फुलीवर ठेवलं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. ठेवताना हळूच म्हटलं, "ताई, सांभाळा हं."

७

मग उघडलं. जसं एका रात्रीत बंद झालं होतं तसंच एका बातमीत उघडलं. सरांचा फोन. "परवा शूट. पिवळीवर नवीन मुलगी येतेय. उंचीला बरी आहे. ती जुनी टेप काढून टाक, घाण झाली असेल. नवीन लाव."

"सर, ती टेप ताईंनी..."

"मला माहीत आहे," सर म्हणाले. "काढ. मी तिथे आलो आणि ती दिसली तर मला काम होणार नाही."

दुपारची वेळ होती. झरोक्यातून ऊन कागदावर पडलं होतं. भोपळी फुलीवर उभी होती, हात वर. त्या जागेवर परवा दुसरी पोरगी उभी राहणार होती. आईबाप असतील तिचे. मी भोपळीसमोर गुडघ्यांवर बसले. वर बघायचं नाही असं ठरवलं होतं. तिच्या पायांकडेच बघत म्हटलं, "ताई, तुमची पैज तुम्ही जिंकलात. आता पुरे." मग भोपळीच्या वतीनं धरली होती तशी तिच्याच वतीनं, मोठ्यानं म्हटलं, "जागा सोडली."

टीं.

प्लग काढलेला होता. वायर माझ्या मांडीपाशी गुंडाळून पडली होती.

भोपळी पडेल म्हणून मी दोन्ही हात पुढे केले. ती पडली नाही. तिनं एक पाय उचलला आणि फुलीबाहेर ठेवला. मग दुसरा. माझ्या हातांच्या बाजूनं, मला वळसा घालून, पांढऱ्या कागदावरून ती चालत गेली. सात पावलं. मी मोजली. उजवा हात वर, खांदा कानाला लागलेला. कागदावर सावली होती, तिची. तिच्या शेजारी आणखी काही होतं की नाही ते मी सांगू शकत नाही. मी डोळे मिटले होते.

टेप काढताना सहज निघाली नाही. नखांनी खरवडून काढावी लागली. खाली जमिनीवर टाचेएवढा एक गोल डाग राहिला. तो पुसून जात नाही.

८

शूट छान झालं. मास्क, अंतर, हात धुणं, सगळं सांभाळून. नवीन मुलगी घाबरट होती, पण सरांचं ऐकत होती. नवीन टेपवर उभी राहिली, आणि मी कॉम्प्युटरवर आधी तिची सावली बघितली. वरच्या चिमट्याच्या खूप खाली संपत होती. तिच्याएवढीच, तिचीच. मला इतकं हलकं वाटलं की मी तिला जाऊन पाणी दिलं.

"तुम्ही इतकं टक लावून काय बघताय?" तिनं विचारलं.

"कोट नीट बसलाय का ते."

नवरा आदल्या दिवशीच परत आला होता. त्यानं पोरीला चालताना बघितलं आणि आधी मला मिठी मारली, मग तिला. मॉडेलनी टाळ्या वाजवल्या. लाल फुलीवाली म्हणाली, "भोपळी नाही, आता हिचं नाव बदला." मग तिचा चेहरा पडला आणि ती म्हणाली, "शिडी असती तर..." सरांनी उगाच लेन्स पुसली. भोपळी मात्र हसली, वर बघून.

सासूबाईंचा व्हिडिओ आला. नातीला चालताना बघून त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मग फोन जवळ नेला. "तो हात अजून तसाच वर का गं तिचा?"

"सवय लागलीय," मी म्हटलं. "जाईल."

संध्याकाळी सगळे गेले. नवरा वायरी गुंडाळत होता. माझी कंबर भरून आली होती, दिवसभर टाचण्या तोंडात धरून ओठ दुखत होते. खोलीकडे निघताना मी वाकून भोपळीपुढे बोट केलं. "चल गं, घरी."

तिनं मला डावा हात दिला. उजवा रिकामा नव्हता.

सात पावलं, दहा, पंधरा, आम्ही चालत गेलो. पोरगी चालत होती. तेवढंच मला हवं होतं, आणि तेवढं मला मिळालं होतं.

आमच्या बुटक्या दाराशी भोपळी थांबली. आत पाय टाकेना. तिनं मान वर केली आणि चौकटीच्या वरच्या बाजूकडे बघत थोडी वाट बघितली, कोणीतरी वाकेपर्यंत बघावी तशी.

मग आत आली.